शोपेनहॉवरचं घरभाडं कोण भरायचं?

शोपेनहॉवर उपनिषदं वाचायचा हे आपल्याकडे जवळपास सगळ्यांना माहीत असतं. भाषणात दोन मिनिटं उरली की वक्ता हमखास ते सांगतो, की बघा, एवढा मोठा जर्मन तत्त्वज्ञ, तो म्हणाला की उपनिषदांनी मला जगताना दिलासा दिला आणि मरतानाही देतील. टाळ्या पडतात. पण हा माणूस रोज सकाळी निवांत बसून वाचू लिहू कसा शकायचा, नोकरी कुठे होती त्याला, घरभाडं कोण भरायचं, हे कोणी विचारत नाही.

नोकरी त्याने जवळजवळ केलीच नाही. 1820 मध्ये बर्लिनला शिकवायला उभा राहिला तर हट्टाने तिथल्या गाजलेल्या तत्त्वज्ञाच्या, हेगेलच्याच वेळेला आपला तास लावला, समोर मोजकीच पोरं, संपला विषय. पुस्तक त्याच्या आधी 1818 च्या शेवटी आलेलं, ते पडून राहिलं. तरी साहेब आरामात जगले कारण बाप डान्झिगचा बडा व्यापारी होता आणि 1805 मध्ये वारला तेव्हा मागे भरपूर ठेवून गेला. 1819 मध्ये ज्या पेढीत पैसे होते ती बुडाली, आई आणि बहीण घाबरून तीस टक्क्यांवर तडजोड करून बसल्या, हा मात्र अडून राहिला, पेढीवाल्याला कळवलं की तत्त्वज्ञ असलो म्हणून मूर्ख असलोच पाहिजे असं नाही, आणि शेवटी व्याजासकट सगळे वसूल केले. इच्छेचा त्याग वगैरे ठीक आहे पण वसुलीत हा कुठल्याही सावकाराला ऐकला नसता. (कुत्र्याचं नाव मात्र आत्मा ठेवलं होतं.)

आता त्याच्या हातातलं पुस्तक बघा. त्याने वाचली ती संस्कृत उपनिषदं नव्हेतच. दारा शुकोहने 1657 मध्ये काशीच्या पंडितांच्या मदतीने पन्नास उपनिषदं फारसीत आणली, त्या फारसीवरून आन्केतिल द्युपेराँ नावाच्या फ्रेंच माणसाने लॅटिन केलं, ते 1801-02 मध्ये छापलं, आणि ते शोपेनहॉवरच्या हातात पडलं. हा आन्केतिल 1755 मध्ये भारतात आला तो फ्रेंच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजातून, सुरतेला पारशी दस्तुरांकडे बसून शिकला, आपल्या वेरूळच्या लेण्यापण बघून गेला. फारसी हस्तलिखित त्याला नंतर पॅरिसला पाठवलं ते अवधच्या नवाबाच्या दरबारात असलेल्या एका फ्रेंच अधिकाऱ्याने. म्हंजे एका जर्मन पुस्तकाच्या मागे मुघल शाहजादा, काशीचे पंडित, दोन दरबार, एक व्यापारी कंपनी आणि डान्झिगच्या बापाची तिजोरी, एवढे सगळे उभे आहेत. पुस्तकाच्या कव्हरवर नाव एकाचंच.

माझं म्हणणं एवढंच आहे की युरोपच्या विचारांचा इतिहास आपल्याला रोजकीर्द फाडून टाकलेल्या दुकानासारखा शिकवतात. प्लेटो, मग अ‍ॅक्वायनस, मग देकार्त, मग कांट, जणू काही एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात विचार आपोआप गेले. माल कुठून आला आणि पैसे कोणी दिले हे दोन्ही कॉलम गायब. आणि ते कॉलम भरले की गोष्ट वेगळी दिसायला लागते, युरोपची लाज काढण्यासाठी नव्हे, ती त्यापेक्षा इंटरेस्टिंग गोष्ट आहे म्हणून.

सुरुवात स्पेनमधल्या टोलेडोपासून करायला पाहिजे. 1085 मध्ये हे शहर ख्रिश्चन राजाने मुसलमानांकडून घेतलं आणि शहराबरोबर अरबी पुस्तकंपण हातात आली. पुढच्या शतकात इटलीतल्या क्रेमोनाचा जेरार्ड तिथे आला तो जुन्या ग्रीक ज्योतिर्विदाचं, टॉलेमीचं एक पुस्तक शोधत, लॅटिनमधे ते मिळेना म्हणून. पुस्तक मिळालं, मग अरबी शिकला, मग घरी गेलाच नाही, सत्तरच्या वर ग्रंथ लॅटिनमध्ये आणून 1187 मध्ये वारला. इब्न सिनाचा वैद्यकाचा ग्रंथ त्यातलाच, तो युरोपच्या मेडिकल कॉलेजात सतराव्या शतकापर्यंत चालला. आपल्या शाळेत ट्रिगनॉमेट्रीत साइन म्हणतात ना, तो शब्द याच कारखान्यातून निघाला. आपल्याकडे ज्या किंवा जीवा, म्हंजे धनुष्याची दोरी, अरबांनी तो आवाज तसाच लिहून घेतला, स्वर लिहायची त्यांची पद्धत नव्हती म्हणून पुढे कोणीतरी तो जैब असा वाचला, जैब म्हंजे खिसा किंवा झग्याचा खोलगट भाग, आणि लॅटिनवाल्याने खोलगट भागाला सायनस लिहून मोकळा. आर्यभटाची दोरी अशी खिशातून युरोपात गेली.

पण हे पंडितांचं झालं. आकडे मात्र पंडितांमुळे पसरले नाहीत, वाण्यांमुळे पसरले. फिबोनाचीचा बाप पिसाच्या व्यापाऱ्यांच्या कामावर उत्तर आफ्रिकेतल्या बुजियाला होता (आज अल्जीरियात आहे ते), पोरगा तिथे हिशेब शिकला आणि 1202 मध्ये पुस्तक लिहून सुरुवातीलाच सांगितलं की हे भारतीयांचे नऊ आकडे आणि हे शून्य. पुस्तकात मिरी, कापड, नाणी, भागीदारीचा नफा कसा वाटायचा, असलीच उदाहरणं भरलीत. गंमत म्हंजे 1299 मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफांच्या संघाने हे आकडे हिशेबाच्या वहीत लिहायला बंदी घातली, कारण खाडाखोड करणं सोपं. फार काळ टिकली नाही ती. धंदा वाढला होता, रोमन आकड्यात व्याज काढून बघा एकदा, मग कळेल.

आणि व्याजावरून मेदिची, फ्लॉरेन्सचं पेढीवालं घराणं.

रेनेसान्स म्हटलं की आपण पुतळे आणि पेंटिंग बघतो, मला त्यात सगळ्यात भारी वाटते ती पापाची भीती. चर्चच्या मते व्याज घेणं पाप होतं, सरळसरळ नरकात नेणारं. मेदिचींची पेढी 1397 मध्ये सुरू झाली आणि तिने इतरांसारखंच हुंडीतून वाट काढली, फ्लॉरेन्सला एका नाण्यात पैसे द्यायचे, लंडन किंवा ब्रुजला दुसऱ्या नाण्यात घ्यायचे, व्याज काय ते बदल्याच्या दरात लपलेलं. कागदावर व्याज नाही, मनात मात्र धाकधूक. कोझिमो मेदिचीने म्हातारपणाकडे झुकताना पोपला विचारलं की या पैशाचं ओझं कसं उतरवू, पोपने सांगितलं सान मार्कोचा मठ बांध, असं त्याच काळातला एक पुस्तकविक्रेता लिहून गेलाय. कोझिमोने ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त ओतले आणि त्या मठात 1444 मध्ये वाचकांना खुली अशी लायब्ररी उघडली. आपल्याकडचे शेठ देवळाला कळस लावतात तसंच हे, फक्त कळसाच्या जागी ग्रीक पोथ्या.

त्या पोथ्यापण बाहेरून आलेल्या. तुर्क दाराशी आले म्हणून कॉन्स्टँटिनोपलचा बादशहा मदत मागायला इटलीत आला, दोन चर्चची एकी करायची परिषद भरली आणि ती 1439 मध्ये मेदिचींच्या खर्चाने फ्लॉरेन्सला हलवली. बादशहाबरोबर प्लेथॉन नावाचा म्हातारा पंडित होता, तो संध्याकाळी लोकांना प्लेटो सांगत बसायचा. एकी काय टिकली नाही, कॉन्स्टँटिनोपल 1453 मध्ये पडलं ते पडलंच, पण कोझिमोच्या डोक्यात प्लेटो बसला. त्याने आपल्या वैद्याच्या मुलाला, फिचिनोला, करेजीला घर दिलं, ग्रीक पोथी दिली आणि सांगितलं सगळा प्लेटो लॅटिनमध्ये आण.

पुढचं तर भारीच आहे. फिचिनो कामाला लागतोय तेवढ्यात मॅसेडोनियाकडून एका साधूने वेगळीच ग्रीक पोथी आणली, हर्मीस नावाच्या कोणा प्राचीन इजिप्शियन ऋषीची. कोझिमो म्हातारा झालेला, किती दिवस उरलेत माहीत नाही, म्हणाला प्लेटो राहू दे बाजूला, आधी हे कर. फिचिनोने 1463 मध्ये ते करून दिलं, पुढच्या वर्षी कोझिमो गेला, संपूर्ण प्लेटो छापून यायला 1484 उजाडलं. आणि त्या हर्मीसच्या नादी युरोप पुढे दीडशे वर्ष राहिला, जादू, किमया, सूर्याची महती, कोपर्निकसच्या 1543 च्या पुस्तकातसुद्धा त्या ऋषीचं नाव आहे. 1614 मध्ये एका विद्वानाने भाषा तपासून दाखवून दिलं की हे लिखाण एवढं जुनं नाहीच, इसवी सनाच्या सुरुवातीच्या शतकांमधलं आहे. एका सावकाराने मरायच्या आधी काय वाचायचं ठरवलं त्याचा हा परिणाम. हे कुठल्या तत्त्वज्ञानाच्या पेपरात येत नाही.

गॅलिलिओला तर या सगळ्याची पक्की जाण होती. जानेवारी 1610 मध्ये गुरूचे चार चंद्र दिसले, मार्चमध्ये पुस्तक छापलं, आणि चंद्रांना नाव दिलं मेदिची तारे, तेव्हाच्या मेदिची ड्यूकच्या घराण्यावरून. काही महिन्यात दरबारी गणिती आणि तत्त्वज्ञ म्हणून नेमणूक, वर शिकवायची सक्ती नाही. लोक म्हणतात चमचेगिरी केली. केली की, पण पादुआत तो घरी विद्यार्थी ठेवून, खाजगी शिकवण्या घेऊन पैसे जोडत होता, बहिणींच्या हुंड्याची देणी होती, मग आकाशातली चार ढेकळं विकून वेळ विकत घेतला तर बिघडलं कुठे.

आता कोणी म्हणेल की म्हंजे पैसा आला की विचार येतो, सोपं आहे. तसं असतं तर स्पेन सगळ्यांच्या पुढे पाहिजे होता. दक्षिण अमेरिकेत पोतोसीचा चांदीचा डोंगर 1545 मध्ये सापडला आणि चांदीचा नुसता पूर आला, खाणीत मरायला स्थानिक लोक जुंपले, पैसा तर अमाप. तरी दुसरा फिलिप राजा 1557, 1575, 1596 अशी पुन्हा पुन्हा दिवाळखोरी जाहीर करत राहिला. त्या चांदीने विचार अजिबातच दिला नाही असं म्हणणं अन्याय होईल, सालामांकाच्या विद्यापीठातल्या धर्मपंडितांनी अमेरिकेतल्या लोकांना लुटायचा आपल्याला हक्क काय हा प्रश्न 1539 मध्येच उघड विचारला होता, आणि तिथलाच आस्पिल्कुएता 1556 मध्ये लिहितो की जिथे चांदी जास्त तिथे भाव जास्त. पैशाचा पुरवठा आणि महागाईचं हे नातं आज अकरावीच्या पुस्तकात आहे. म्हंजे डोकी होती. पण 1492 ला ज्यू हाकलले, 1559 ला फर्मान काढलं की आमच्या पोरांनी मोजकी ठिकाणं सोडून परदेशी विद्यापीठात शिकायचं नाही, 1609 ला उरलेले मोरिस्को, म्हंजे बळजबरीने ख्रिश्चन केलेले मुसलमान, तेपण हाकलले. चांदी आत आणि माणसं बाहेर. आपल्या पेशव्यांच्या रमण्यातली दक्षिणा मला इथे आठवते, पैसा लाखांनी वाटला, विद्वान होते, परीक्षापण व्हायची, पण परीक्षा त्याच ग्रंथांची.

आणि याचा सगळ्यात वाईट नमुना आपल्या गोव्यात घडलाय, पोर्तुगीजांच्या हातून. गार्सिया द ओर्ता, बळजबरीने ख्रिश्चन केलेल्या ज्यू घरातला वैद्य, 1534 मध्ये गोव्याला आला, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाकडे वैद्य म्हणून जायचा, मुंबई बेट त्याच्याकडे भाड्याने होतं (हो, अख्खं बेट, तिथल्या आंब्याचं कौतुक करतो तो). 1563 मध्ये त्याचं औषधींवरचं पुस्तक गोव्यातच छापलं. त्यात तो हकीम आणि वैद्यांकडून ऐकलेलं लिहितो, आणि जुन्या ग्रीकांनी काय म्हटलंय ते बाजूला ठेवून मी इथे डोळ्यांनी बघितलं ते खरं असं ठासून सांगतो. कॉलऱ्याचं वर्णन करताना इथल्या लोकांचा शब्द देतो, मोरशी. आपली मोडशी! पुढच्याच वर्षी क्लुसियस नावाच्या वनस्पतीवाल्याला हे पुस्तक लिस्बनमध्ये सापडलं, त्याने लॅटिनमध्ये संक्षेप करून 1567 मध्ये अँटवर्पला छापला आणि ते युरोपभर गेलं. 1568 मध्ये ओर्ता वारला. 1569 मध्ये इन्क्विझिशनने, म्हंजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, त्याच्या बहिणीला गोव्यात जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून तीपण जाळली. अँटवर्पला आवृत्त्या निघतायत आणि गोव्यात लेखकाची हाडं जळतायत. पोर्तुगालकडे जहाजं होती, मिरी होती, माहितीचा खजिना पहिल्यांदा त्यांच्याच हातात आलेला, आणि त्याचा फायदा उठवला दुसऱ्यांनी.

त्या दुसऱ्यांत डच पहिले. स्पेन-पोर्तुगालमधून पळालेल्या ज्यूंची पोरं आम्सटरडॅमला वाढली, स्पिनोझा 1632 मध्ये तिथलाच, बाप व्यापारी. देकार्तचं पुस्तक 1637 ला लायडनला छापलं, रोमने तोंड बंद केलेल्या गॅलिलिओचं शेवटचं पुस्तक 1638 ला लायडनलाच. डच काही संत नव्हते, जायफळासाठी त्यांनी 1621 मध्ये बांदा बेटांवर कत्तल केली, आणि घरातसुद्धा स्पिनोझाला त्याच्याच समाजाने 1656 ला बहिष्कृत केलं, पुढे त्याच्या पुस्तकावर बंदीपण आली. फरक एवढाच की बंदी पाळायची कोणाला घाई नव्हती आणि छापखानेवाल्याला गिऱ्हाईक दिसत होतं. स्पिनोझा स्वतः मात्र या सगळ्या हिशेबात न बसणारा माणूस. भिंगं घासायचा, मित्राच्या इस्टेटीतून वर्षाला पाचशे गिल्डर मिळत होते तर म्हणाला तीनशे पुरतात, 1673 मध्ये हायडलबर्गची प्रोफेसरकी आली तीपण नको म्हणाला. पैसा कुठून येतो यावरून माणसाचा विचार ठरतो असं ठामपणे म्हणायला गेलं की हा आडवा येतो. मला आवडतं ते.

उलट टोकाला इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक. गुलामगिरी ही इतकी नीच अवस्था आहे की कोणी इंग्रज माणूस तिची बाजू घेईल हे कल्पनेतही येत नाही, अशा अर्थाच्या वाक्याने त्याचं शासनावरचं पुस्तक सुरू होतं. आणि 1670 च्या दशकात त्याच लॉककडे रॉयल आफ्रिकन कंपनीचे शेअर्स होते, जिचा धंदाच आफ्रिकन माणसं विकायचा, आणि कॅरोलायना वसाहतीच्या 1669 च्या ज्या घटनेच्या मसुद्यात त्याचा हात होता तिच्यात प्रत्येक स्वतंत्र माणसाला आपल्या काळ्या गुलामावर संपूर्ण अधिकार दिलाय. त्याला ढोंगी म्हणून सोडून देणं सोपं आहे, मला ते पटत नाही. माझ्या मते पैसा असंच काम करतो, तो विचार करायला अडवत नाही, फक्त नजर एका ठिकाणी वळू देत नाही. जॉन स्टुअर्ट मिल या दुसऱ्या इंग्रज तत्त्वज्ञाचंपण तेच. 1823 ते 1858 पगार ईस्ट इंडिया कंपनीचा, 1859 ला स्वातंत्र्यावरचं पुस्तक, आणि त्यात मागासलेल्या समाजांना हे लागू नाही अशी हळूच घातलेली पाचर. पस्तीस वर्ष लंडनमध्ये बसून आपल्या संस्थानांचे खलिते लिहिले या माणसाने, इकडे पाऊल न टाकता. ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजची देखणी लायब्ररी बार्बाडोसच्या उसाच्या मळ्यांवरच्या पैशातून उभी राहिली, ब्रिटिश म्युझियम ज्याच्या संग्रहावर 1753 मध्ये सुरू झालं त्या हान्स स्लोनच्या घरात बायकोकडून जमैकाच्या उसाचा पैसा येत होता. तिथे बसून लोकांनी चांगलंच वाचलं लिहिलं. ऊस तोडणारा त्या कॅटलॉगमध्ये नव्हता.

हे सगळं सांगितलं की आपल्याकडे एक वर्ग लगेच खूश होतो, बघा, सगळं आपल्याकडून चोरलं. मला हे युरोपीय गर्वाइतकंच आळशी वाटतं. कोचीच्या डच कमांडरने, व्हान रेडेने, मलबारच्या वनस्पतींचे बारा खंड केले, 1678 ते 1693 मध्ये आम्सटरडॅमला छापले. त्यासाठी माहिती दिली इट्टी अच्युतन या केरळी वैद्याने आणि रंग भट, विनायक पंडित, अप्पू भट या तीन कोंकणी ब्राह्मणांनी, आणि या तिघांचं कोंकणीतलं प्रमाणपत्र नागरी अक्षरात त्या पुस्तकात छापलंय. जाऊन बघा, चित्र नेटवर मिळेल, वाचता येतं आपल्याला थोडंफार. म्हंजे नाव लपवलेलं नाही. चोरी असती तर सही कशाला घेतली असती. पुढे वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसने या खंडांमधून माहिती घेतली, तिथे ही नावं मागे पडली हे खरं. पण मला त्रास देणारा प्रश्न वेगळा आहे, की अच्युतनच्या घरची ताडपत्रं आणि तिघा भटांचे निघंटू एका टेबलावर यायला डच कमांडर का लागला. जातीच्या भिंती होत्या, की पैसे देणारा कोणी नव्हता, की आपल्या राजांना तेवढी फुरसत नव्हती, का तिन्ही.

चीनचं थोडक्यात सांगतो. जेसुइट पाद्र्यांनी कन्फ्यूशियस लॅटिनमध्ये आणला, पॅरिसला 1687 मध्ये छापला, आणि देवाशिवायपण नीती असू शकते ही गोष्ट युरोपला बोचायला लागली. ख्रिश्चन वोल्फ नावाच्या जर्मन तत्त्वज्ञाने 1721 मध्ये हालेच्या विद्यापीठात भाषणात चिनी नीतीचं कौतुक केलं, दोन वर्षांनी प्रशियाच्या राजाने हुकूम काढला, 48 तासात चालता हो नाहीतर फाशी. तो मारबुर्गला गेला आणि त्याच्या वर्गाला आणखीनच गर्दी झाली.

मार्क्सचं सांगितल्याशिवाय मात्र राहवत नाही. लंडनमध्ये बसून भांडवलाचं पोस्टमॉर्टेम करणारा माणूस जगला कशावर, तर बरंचसं त्याचा मित्र एंगल्सच्या मॅनचेस्टरच्या सूतगिरणीच्या पैशावर. म्हंजे कापसावर. हा कापूस मॅनचेस्टरला यायचा तो मुख्यतः अमेरिकेतल्या गुलामांच्या मळ्यातून, 1861 ला तिकडे यादवी पेटली आणि माल थांबला, मग लँकेशायरच्या गिरण्यांनी मुंबई बंदराकडे तोंड फिरवलं. खानदेश, वऱ्हाड, गुजरातच्या कापसाला सोन्याचा भाव आला, मुंबईत शेअर्सचं वेड लागलं, आणि त्या तेजीचा राजा प्रेमचंद रायचंद. त्याने चलती असतानाच मुंबई विद्यापीठाला लायब्ररी आणि टॉवरसाठी लाखो रुपये देऊन टाकले. 1865 ला लढाई संपली, भाव कोसळले, प्रेमचंद बुडाला, पण विद्यापीठाला दिलेले पैसे दिलेले होते.

1 जुलै 1869 ला एंगल्सने मार्क्सला आनंदाने कळवलं की धंदा सुटला, आता मी मोकळा माणूस. त्याच्या हिश्शाचे पैसे मिळाले, त्यातून मार्क्सला वर्षाला साडेतीनशे पौंड बांधून दिले. त्याच वर्षी मुंबईत ओव्हलसमोर राजाबाई टॉवरचं बांधकाम सुरू झालं, खाली लायब्ररी, वर घड्याळ.